ल्यूपस : न दिसणाऱ्या दुखण्याची ओळख

दुर्ग जिल्ह्यात अहिवारा गावाजवळ नंदिनी नगर नावाची एक वसाहत आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्टीला लागणारी चुनखडी नंदिनीच्या खाणीतून येऊ लागली आणि खाणीच्या कडेला कामगारांची घरे उभी राहिली. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे विदर्भातील मराठी माणसाला भिलाईकडे येणे म्हणजे परमुलखात जाणे वाटत नसे. आजही या परिसरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत आणि वैशाखात त्यांच्या गच्च्यांवर पापड-कुरडयांची वाळवणे पडतात.

अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणू या. ही कोणा एका कुटुंबाची हकीकत नव्हे. अनेक घरांत थोड्याफार फरकाने जे घडते तेच येथे एकत्र केले आहे. घरात सव्वीस वर्षांची सून आहे. दोन दिवस गच्चीवर वाळवणे घातल्यानंतर तिच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्याच्या वर लाल पुरळ उठते. सासूबाई म्हणतात, "ऊन बाधले, चंदन लाव." पुरळ ओसरते, पण सकाळी उठल्यावर बोटे आखडू लागतात, कणीक मळवत नाही. संध्याकाळी बारीक ताप येतो. केस मूठमूठ गळतात. सर्वांत अवघड म्हणजे थकवा. रात्रभर झोप होऊनही दिवस उजाडतो तो दमलेलाच. ताप मोजता येतो, सूज दाखवता येते. थकवा कसा दाखवावा? "आमच्या वेळी आम्ही विहिरीवरून पाणी आणत होतो," असे कोणीतरी बोलून जाते, आणि सून मुकाट्याने पुन्हा कामाला लागते.

वाचकहो, या दुखण्याला नाव आहे. त्याचे नाव ल्यूपस. ते आळसाचे रूप नाही, मनाचा खेळ नाही, आणि कोणाच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. या आजाराची ओळख आपल्या घराघरांत व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

रक्षकच जेव्हा चुकतो

चुनखडीचे भट्टीतील काम काय, हे भिलाईच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लोहखनिजाबरोबर आलेले मातीदगडांचे अंश चुनखडी आपल्यात ओढून घेते, त्यांची मळी वर तरंगते आणि खाली लोखंड उरते. आपले कोणते व टाकाऊ कोणते, याची निवड तेथे होत असते. आपल्या शरीरातही अशी निवड अहोरात्र चालू असते. बाहेरून आलेला जंतू कोणता आणि स्वतःची पेशी कोणती, हे ओळखून केवळ परक्यावर हल्ला करण्याचे काम रोगप्रतिकारक यंत्रणा करते. ल्यूपसमध्ये ही ओळखच बिघडते. परक्या जंतूंविरुद्ध तयार व्हावयाची प्रतिपिंडे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांतील घटकांविरुद्ध तयार होतात आणि जेथे जेथे ती साचतात तेथे तेथे दाह उत्पन्न करतात.

पेशी तर शरीरभर आहेत. म्हणूनच हा आजार एका अवयवाचा राहत नाही. त्वचा, सांधे, तोंडाच्या आतील भाग, फुप्फुस व हृदयाची आवरणे, रक्तातील पेशी, मूत्रपिंडे आणि क्वचित मेंदू, यांपैकी कशावरही तो उमटू शकतो. एकीला केवळ पुरळ व सांधेदुखी असते, तर दुसरीचे मूत्रपिंड पहिल्याच वर्षी धोक्यात येते. दोन रुग्णांचा ल्यूपस सारखा नसतो, आणि एकाच रुग्णाचाही कायम सारखा राहत नाही. काही महिने शांत राहून तो अकस्मात उफाळतो व पुन्हा निवतो. शेजारणीचे औषध आपल्याला का चालत नाही, याचे उत्तर येथेच आहे.

दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि आजार बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, विवाह आणि मातृत्व यांच्या ऐन काळात तो दार ठोठावतो. पुरुषांना तो होतच नाही असे मात्र नव्हे, आणि लहान मुलांनाही तो होऊ शकतो. त्याच्या मुळाशी काही अंशी आनुवंशिक कल असतो. परंतु आईला ल्यूपस असेल तर मुलाला होणारच असे नाही. बहुसंख्य मुले निरोगीच राहतात. त्या कलाला ऊन, एखादा संसर्ग, शरीरातील स्त्री-संप्रेरके किंवा काही औषधे यांची ठिणगी लागते. हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने वा सहवासाने पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणाऱ्या घराने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

खाणीच्या गावात एक प्रश्न हमखास निघतो : "ही धूळच तर याला कारण नाही ना?" चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तिच्या धुळीवर ल्यूपसचा ठपका ठेवण्यास आधार नाही. तथापि दगड फोडताना, वाळूचा मारा करताना किंवा भट्टीच्या विटा कापताना उडणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीचा ल्यूपस व तत्सम आजारांशी संबंध अभ्यासांतून आढळला आहे. तेव्हा अशा कामावर पाण्याचा फवारा आणि योग्य प्रकारची मुखपट्टी यांचा कंटाळा करू नये. फुप्फुसांसाठी तर ती काळजी आवश्यक आहेच.

लांडग्याचे नाव आणि कोयनेलचे नातलग

ल्यूपस हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे दिसतात, अशा कल्पनेतून मध्ययुगीन युरोपातील वैद्यांनी हे नाव दिले. पुढे १८७२ मध्ये व्हिएन्ना येथील मोरिट्झ कापोसी यांनी हा रोग त्वचेपुरता नसून ताप, सांध्यांची सूज आणि आतील अवयवांचे विकार घेऊन येतो, असे दाखवून दिले. परंतु रक्तावरून त्याची ओळख पटण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विशिष्ट प्रकारची पेशी आढळली. दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून बसलेली ती पेशी हीच ल्यूपसची पहिली प्रयोगशाळेतील खूण होय.

औषधाची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल. हिवतापाच्या तडाख्यात सापडलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी सिंकोना वृक्षाच्या सालीपासून काढलेले कडू कोयनेल घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना हिवतापापासून वाचविण्यासाठी मेपाक्रीन नावाच्या गोळ्या सर्रास देण्यात आल्या. या गोळ्यांमुळे काहींचे जुने पुरळ व सांधेदुखीही कमी होते, असे लक्षात आले. १९५१ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात पेज नावाच्या डॉक्टरांनी मेपाक्रीनने ल्यूपसचे रुग्ण सुधारल्याचे प्रसिद्ध केले. त्याच औषधकुळातील अधिक निर्धोक असे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन १९५५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते आजही ल्यूपसच्या उपचारांचा पाया आहे.

याच गोळीवरून २०२० साली एक अनवस्था प्रसंग ओढवला. करोनाच्या साथीत मार्च महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे नाव सर्वतोमुखी झाले. धास्तावलेल्या लोकांनी ती पेट्या भरभरून घरी नेली, आणि ज्यांचे आरोग्य वर्षानुवर्षे तिच्यावर उभे होते ते रुग्ण औषधांच्या दुकानांतून रिकाम्या हातांनी परतू लागले. त्याच महिन्यात सरकारने ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळेल असा कडक निर्बंध घातला. पुढे करोनावर तिचा उपयोग नाही, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. आपण घाबरून साठविलेले औषध कोणाच्या तरी तोंडचा घास असू शकते, हा त्या प्रसंगाचा धडा विसरण्याजोगा नाही.

निदानाचा लांबलेला रस्ता

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात घरोघर जाऊन स्नायू व सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली, आणि त्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अशी दुखणी असल्याचे आढळले. ल्यूपस मात्र त्या मानाने फार विरळा. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात डॉ. ए. एन. मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचे प्रमाण एक लाख लोकांमागे सुमारे ३ एवढे दिसले. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे अडचण कळते. सांधे दुखणारे पुष्कळ आणि त्यांत ल्यूपसचे थोडे; साहजिकच गर्दीत तो हरवतो.

आपल्या भागात त्याला लपण्यासाठी आणखी आडोसे आहेत. बारीक ताप आणि वजनातील घट पाहून क्षयाची शंका येते, थंडी वाजून ताप आला की हिवतापाची. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. त्यातही रक्तक्षय होतो, हाडे-सांधे ठणकतात आणि ताप येतो. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्याने त्याची तपासणी आता अनेक ठिकाणी होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सिकलसेलची तपासणी निर्दोष निघूनही दुखणे चालूच राहिले, किंवा ती सदोष निघूनही पुरळ व लघवीतील दोष यांचा उलगडा होत नसेल, तर शोध तेथेच थांबवू नये. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असणेही अशक्य नाही.

मग संशय केव्हा घ्यावा? पुढील गोष्टींपैकी तीन-चार एकत्र किंवा एकामागून एक दिसू लागल्या तर डॉक्टरांजवळ ल्यूपसचा विषय अवश्य काढावा : गालांवर व नाकावर फुलपाखराच्या पंखांसारखे पसरलेले पुरळ, उन्हात गेल्यावर अंगावर येणारे चट्टे, तोंडात, विशेषतः टाळूवर, वारंवार येणारे व बहुधा न दुखणारे व्रण, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली सांध्यांची सूज व सकाळचा आखडलेपणा, कारण न सापडणारा ताप, केस गळणे, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे, दीर्घ श्वास घेताना छातीत चमक येणे, पायांवर वा डोळ्यांभोवती सूज, लघवीला साबणासारखा फेस येणे, आणि पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात.

तपासणीत सर्वप्रथम रक्तातील पेशींची मोजणी आणि लघवीची परीक्षा होते. त्यानंतर पेशीकेंद्रकविरोधी प्रतिपिंडांची, म्हणजे 'ए.एन.ए.' नावाची चाचणी करतात. ल्यूपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती सदोष निघते. परंतु पुष्कळ निरोगी माणसांतही ती तशी निघू शकते. केवळ या एका कागदावरून स्वतःला रोगी ठरवून झोप उडवून घेणे जितके चुकीचे, तितकेच लक्षणे असताना ती चाचणी टाळणेही चुकीचे. रुग्णाची हकीकत, अंगावरील खुणा आणि अनेक चाचण्या एकत्र जुळवूनच निदान होते, आणि हे काम संधिवाततज्ज्ञांचे आहे. नंदिनीहून भिलाईच्या सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. रायपूरची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून उभी आहे. एक दिवसाचा प्रवास व एक दिवसाची मजुरी बुडेल म्हणून वर्षभराचे दुखणे अंगावर काढणे, हा सौदा फार महागात पडतो.

कारण या आजाराचा सर्वांत मोठा धोका निःशब्द असतो. सुमारे निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडांना दाह होतो, आणि आरंभी ती दुखतही नाहीत. लघवीतून प्रथिने वाहू लागतात, रक्तदाब वाढतो, आणि रुग्णाला वाटते की आपण बरे आहोत. म्हणून प्रकृती ठीक असतानाही डॉक्टर सांगतील त्या मुदतीने लघवीची तपासणी आणि रक्तदाबाची मोजणी झालीच पाहिजे. ही तपासणी स्वस्त असते. तिच्या अभावी होणारे नुकसान मात्र कधी कधी कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्रापर्यंत नेते.

उपचार : संयम हाच गाभा

ल्यूपस समूळ बरा करणारे औषध आज नाही. परंतु तो ताब्यात ठेवता येतो. १९५० च्या दशकात निदानानंतर चार वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम निम्मे होते. आज जेथे चांगले उपचार मिळतात तेथे दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ रुग्ण हयात असतात. हा पालट थोडाथोडका नव्हे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी जवळजवळ प्रत्येक रुग्णाला सुचविली जाते. तिचा परिणाम हळूहळू, दोन-तीन महिन्यांत दिसतो. "पंधरा दिवस घेतली, गुण नाही" म्हणून ती सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे. साधारणतः वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रा देत नाहीत. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्यावर क्वचित परिणाम होतो. यासाठी आरंभी एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करावी. डोळ्यांच्या भीतीने गोळी परस्पर बंद करणे हे मात्र चोराच्या भीतीने घर सोडण्यासारखे आहे.

आजार उफाळला की स्टेरॉइड देतात. या औषधांची आपल्याकडे दोन टोकांची ख्याती आहे. कोणी त्यांना जादू समजून डॉक्टरांना न विचारता घेत राहतो, तर कोणी विष समजून एकाएकी फेकून देतो. दोन्ही गोष्टी घातक आहेत. ती अधिक काळ घेतल्यास चेहरा गोल होतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टर मात्रा शक्य तितक्या लवकर उतरवितात. परंतु बाहेरून औषध मिळत असताना शरीराने आपले नैसर्गिक स्टेरॉइड बनविणे मंद केलेले असते. अशा वेळी गोळी एकदम थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. उतार नेहमी पायरीपायरीने. मूत्रपिंड वा इतर महत्त्वाच्या अवयवांना धोका असल्यास प्रतिकारशक्तीला आवर घालणारी अधिक प्रभावी औषधे देतात. ती घेत असताना ताप आला तर तो अंगावर काढू नये आणि कोणतीही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, कारण जिवंत जंतूंच्या लसी अशा वेळी चालत नाहीत.

नव्या वाटाही उघडत आहेत. २०११ मध्ये बेलिमुमॅब आणि २०२१ मध्ये अनिफ्रोलुमॅब ही ल्यूपससाठीच तयार झालेली औषधे अमेरिकेत मान्य झाली. जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून पुन्हा शरीरात सोडण्याचा प्रयोग काही गंभीर रुग्णांवर केला व २०२२ मध्ये त्याचे आशादायक परिणाम प्रसिद्ध केले. याच जातीची पेशीचिकित्सा मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित केली आणि तिला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ल्यूपससाठी ती अजून प्रयोगावस्थेत आहे; तरीही आशेला जागा आहे, एवढे खचित.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. करोनानंतर 'प्रतिकारशक्ती वाढविणारे' काढे आणि गोळ्या घरोघर आल्या. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच वाट चुकली आहे, तेथे ती चेतविण्याचा खटाटोप कसा हितकर ठरेल? २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला दाह झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांवर सोडू. ल्यूपसच्या रुग्णाने कोणताही काढा, चूर्ण वा भस्म आपल्या डॉक्टरांना सांगितल्यावाचून घेऊ नये, एवढे पथ्य पुरेसे आहे.

ऊन, काम आणि विश्रांती

नंदिनीचा मे महिना भाजून काढणारा असतो. परंतु ल्यूपसला झोंबते ती उष्णता नव्हे, तर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे. म्हणूनच पौषातील कोवळ्या वाटणाऱ्या दुपारी किंवा श्रावणातील ढगाळ दिवशीही सावध राहावे लागते. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात शक्यतो बाहेरची कामे ठेवू नयेत. लांब बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री वापरावी. दुचाकीवर जाताना आपल्याकडील मुली चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळतात, ती सवय येथे मोठी गुणाची ठरते. उघड्या राहणाऱ्या त्वचेवर ३० वा अधिक संरक्षणांकाचे मलम लावावे व दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. खिडकीची काच या किरणांपैकी काहींनाच अडविते. पोलादनगरीत आणखी एक गोष्ट विसरू नये : विजेच्या जोडकामाची, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी अतिनील किरणांचा तीव्र उगम आहे, तिच्याजवळ रुग्णाने उभे राहू नये. ऊन टाळल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी पडते. ते तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावे.

आहारात ल्यूपसचे असे खास पथ्य नाही. वरण-भात, भाजी-भाकरी, ताक, फळे हा आपला नेहमीचा आहार उत्तम. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा दोष असेल तर मीठ, लोणचे व पापड यांना आवर घालावा. तंबाखू व धूम्रपान मात्र संपूर्ण वर्ज्य; धूम्रपानाने आजार चिघळतो आणि औषधाचा गुणही कमी होतो.

थकव्यावर उपाय म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. आजार शांत असताना रोज थोडे चालणे, हलके व्यायाम यांनी थकवा खरोखर कमी होतो. कामे मात्र वाटून घ्यावीत. भांडी घासणे आज, कपडे उद्या; कणीक मळणे मुलाकडे, बाजार पतीकडे. सकाळी बोटे आखडत असतील तर जड काम दुपारकडे ढकलावे. घरातील माणसांनी एवढेच ओळखावे की कालपर्यंत हसतखेळत असलेली व्यक्ती आज उठू शकत नाही, यात ढोंग नाही. आजाराचा स्वभावच तसा आहे.

विवाह, मातृत्व आणि सत्य

ल्यूपस झालेल्या मुलीने विवाह करू नये किंवा तिला मूल होऊ देऊ नये, असे एके काळी सांगितले जाई. आज ते खरे नाही. आजार किमान सहा महिने शांत असेल आणि मूत्रपिंडे ठीक असतील, तर बहुतेक स्त्रिया सुखरूप माता होऊ शकतात. अट एकच : गर्भधारणा ठरवून व्हावी. काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने आधीच बदलावी लागतात. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गर्भारपणातही चालू ठेवावयाचे असते. रक्त गोठविण्यास कारण होणारी प्रतिपिंडे आहेत काय, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी प्रतिपिंडे आहेत काय, हे आगाऊ तपासून घ्यावे लागते. यासाठी आजार लपवून चालत नाही. लग्न ठरताना लपविला तर लग्नानंतर गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपविलेल्या गोळ्या लवकरच बंद पडतात. सत्य सांगितल्याने एखादे स्थळ जाईल. परंतु लपविल्याने जीव जाऊ शकतो.

या संदर्भात अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांचे उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे वडील १९४१ मध्ये ल्यूपसनेच वारले होते. १९५० च्या अखेरीस, पंचविसाव्या वर्षी, त्या आजारी पडल्या. आईने मायेपोटी त्यांना हा केवळ संधिवात असल्याचे भासविले. १९५२ मध्ये एका मैत्रिणीकडून त्यांना खरे काय ते कळले. सत्य कळल्यावर त्या खचल्या नाहीत. जॉर्जिया राज्यातील मळ्यावर आईजवळ राहून, मोर पाळीत, त्यांनी आपली थोडकी शक्ती नीट मोजून घेतली आणि सकाळचे काही तास केवळ लेखनासाठी राखले. १९६४ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी त्या निवर्तल्या, तेव्हा आपल्या पिढीतील श्रेष्ठ कथाकारांत त्यांची गणना होत होती. आजची औषधे त्यांना लाभली असती तर! ती आपल्याला लाभली आहेत.

आता पुन्हा नंदिनीच्या त्या घरात डोकावू या. निदानाला वर्ष होऊन गेले आहे. वैशाख पुन्हा आला आहे. गच्चीवर वाळवणे पडली आहेत. पण ती घालायला या वेळी मुलगा वर गेला आहे, आणि सून खाली सावलीत बसून कुरडयांचा चीक ढवळते आहे. देवघराशेजारच्या कोनाड्यात गोळ्यांची डबी आहे. सासूबाईंना औषधाचे नाव नीट उच्चारता येत नाही, तरी रात्री जेवण झाले की त्या विचारतात, "सूनबाई, गोळी घेतलीस ना?"

पहिल्या वर्षी त्याच घरात थकव्याचा हिशेब मागितला जात होता. आता गोळीची आठवण करून दिली जाते. आजार तोच आहे. घर बदलले आहे. वाचकहो, डॉक्टरांनी करावयाचे ते डॉक्टर करतील. हा एवढा बदल घडविणे मात्र आपल्या हाती आहे. आपल्या घरात, आळीत किंवा नात्यात कोणी 'नेहमीच दमलेली' असेल, तर तिला बोल लावण्याआधी एकदा तिची विचारपूस करा, आणि तिला रुग्णालयात नेण्यासाठी एक दिवस मोकळा काढा.